आवडतं मूलद्रव्य सांगायचंय, पण "का" तेच सुचत नाही

पत्र असं आलंय:

"ताई, मी सोलापूरची, अकरावी सायन्सला आहे. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी विज्ञान दिनासाठी प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय, विषय 'माझं आवडतं मूलद्रव्य आणि ते का आवडतं'. सोनं, ऑक्सिजन, कार्बन, युरेनियम, चांगली चांगली सगळी आधीच गेली. यूट्यूब बघितलं, गुगल केलं, सगळीकडे तेच, अणुक्रमांक, वितळबिंदू, उपयोग. पाठ करून बोलेन मी, पण सरांनी मधेच विचारलं की तुला हेच का आवडतं तर काय सांगू? बाबा एमआयडीसीत एका डाईंगमध्ये आहेत, ते म्हणाले आवडती भाजी असते गं, मूलद्रव्य कुठं आवडतं असतं! खऱ्या शास्त्रज्ञांना तरी असं आवडतं मूलद्रव्य असतं का? आणि मी कुठलं घेऊ? मैत्रीण म्हणते पारा घे, घरातला जुना थर्मामीटर वर्गात फोडून दाखव, सगळे बघत बसतील. आणि शेवटचं, मराठीत बोलू का इंग्लिशमध्ये? आम्ही सेमीवाले आहोत."

आधी पाऱ्याचंच सांगते, कारण ते थांबवायला पाहिजे. थर्मामीटर फोडायचा नाही, वर्गात नाही, घरी नाही, गच्चीवर पण नाही. पारा सांडला की त्याचे बारीक बारीक थेंब फरशीच्या फटीत जाऊन बसतात आणि तिथून त्याची वाफ येत राहते, ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि श्वासातून सरळ रक्तात जाते. त्यात आपल्याकडं फेब्रुवारी संपता संपता ऊन तापायला लागतं आणि गरमीत वाफ अजून जास्त. मैत्रिणीलाही हे सांग, आणि तो थर्मामीटर जिथं आहे तिथं डब्यात सांभाळून ठेवायला सांग.

पण मैत्रीण अगदीच चुकीच्या माणसांच्या पंगतीत नाहीये बघ. पाऱ्यावर जीव लावलेला मोठा माणूस आपल्याच देशात होऊन गेला, आचार्य प्रफुल्लचंद्र राय. कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायचे. पाऱ्यावर थंडपणीच पातळ नायट्रिक ॲसिड घालून ते दुसरंच काहीतरी बनवायला गेले होते आणि खाली पिवळसर स्फटिक जमलेले दिसले. ते मर्क्युरस नायट्राइट, पाऱ्याचं एक संयुग, निघालं, १८९६ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं, आणि मग पुढची कित्येक वर्षं नायट्राइटचा नाद सुटलाच नाही. आपल्या जुन्या रसशास्त्राच्या ग्रंथांत पाऱ्याचं केवढं प्रस्थ आहे ते सुद्धा त्यांनी पोथ्या शोधून शोधून लिहून काढलं. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, असतं आवडतं मूलद्रव्य, आणि चांगलं आयुष्यभर पुरतं.

आता ते "का" बघ, कारण तुझी अडचण तिथंच आहे.

हम्फ्री डेव्ही, इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. १८०७, लंडन, वय अठ्ठावीस. किंचित ओलसर पोटॅशमधून वीज सोडली, तो वितळला आणि चांदीसारखे चकचकीत गोळे वर आले, काही तर येता येताच फुटून पेटले. हा माणूस आनंदानं खोलीभर नाचला, त्याचा चुलतभाऊ हाताखाली काम करायचा त्यानं तसं लिहून ठेवलंय. ते पोटॅशियम. लगेच पाठोपाठ सोडियम पण काढलं त्यानं. आता पोटॅशियमचा उपयोग काय हे डेव्हीला त्या दिवशी ठाऊक असायचं कारणच नव्हतं, तरी नाचला ना?

मेरी क्युरीचं तर तुला माहीतच असेल पण शाळेच्या पुस्तकात जे येत नाही ते सांगते. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम दोन्ही सापडली म्हणून सांगितलं, पण हातात धरून दाखवायला काही नव्हतं, मग गळक्या छपराच्या शेडमध्ये टनावारी खनिजाचा गाळ उकळत, ढवळत, गाळत बसली, आणि १९०२ मध्ये हातात काय आलं तर एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड. रात्री जेवण झाल्यावर नवराबायको परत त्या शेडमध्ये जायचे, दिवा न लावता, नुसतं बाटल्या चमकताना बघायला. त्यांनी पेटंट घेतलं नाही. पुढे रेडियम इतकं महाग झालं की तिच्याच लॅबला ते पुरेसं विकत घेता येईना, तिला एका अमेरिकन पत्रकार बाईंनी विचारलं की तुम्हाला काय हवं, तर म्हणाली एक ग्रॅम रेडियम. अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी गोळा करून १९२१ मध्ये तो ग्रॅम दिला. त्याच किरणांनी तिचं रक्त खराब केलं आणि १९३४ मध्ये ती गेली, तिच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत. मला हे वाचलं की अजून पोटात कालवतं. आवडतं म्हणजे निरुपद्रवी असं काही नसतं, हे पण लक्षात ठेव.

आणि आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट, आरगॉनची. लॉर्ड रॅले नावाचा अतिशय चिकट माणूस नायट्रोजन वजन करत बसला होता. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून टाकून उरलेला नायट्रोजन भरला एक लिटर तर १.२५७ ग्रॅम, आणि अमोनियासारख्या संयुगातून तयार केलेला भरला तर जवळपास १.२५. फरक किती, अर्धा टक्का. आपण प्रॅक्टिकलला काय करतो, एरर लिहितो आणि पुढं जातो. रॅलेला झोप येईना. त्यानं १८९२ मध्ये 'नेचर' मासिकाला पत्र लिहिलं की बाबांनो मला हे कळत नाहीये, कुणाला काही सुचतंय का? (म्हणजे तू मला पत्र लिहिलंस त्यात कमीपणा वाटून घेऊ नको.) मग विल्यम रॅम्झी मदतीला आला, त्यानं तो हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून परत परत फिरवला, मॅग्नेशियम नायट्रोजन खाऊन टाकतं, आणि शेवटी थोडासा वायू उरलाच जो कशाशीच बोलत नाही, त्याच्या वर्णपटातल्या रेषा (उजेड फोडून बघितला की दिसतात त्या, प्रत्येक मूलद्रव्याच्या वेगळ्या) कुणी कधी बघितलेल्या नाहीत. १८९४ मध्ये दोघांनी जाहीर केलं, हवेत एक नवीनच वायू आहे, आणि थोडाथोडका नाही, जवळजवळ एक टक्का! आपण प्रत्येक श्वासात घेतो तो. आणि त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, १७८५ मध्ये, कॅव्हेंडिश नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं हवेचा प्रयोग करताना लिहून ठेवलं होतं की काहीही केलं तरी एक छोटा बुडबुडा शिल्लक राहतो, मूळ नायट्रोजनच्या एकशे विसाव्या भागापेक्षा जास्त नाही. लिहून ठेवलं, आणि कुणी लक्षच दिलं नाही. रॅम्झी मग थांबलाच नाही, १८९५ ला पृथ्वीवर हेलियम शोधला, १८९८ ला निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन, तक्त्यात अख्खा एक उभा रकाना या माणसानं वाढवला.

हेलियम म्हटलं की आपल्या भागाचं सांगायलाच पाहिजे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण, त्याची सावली विजापूरवरून गेली, आपल्यापासून जेमतेम शंभरेक किलोमीटर. विजापुरात एक इंग्रज कॅप्टन स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे उजेड फोडून त्यातल्या रेषा दाखवणारं यंत्र, लावून बसला होता, जमखंडीला हर्शेल घराण्यातला एक लेफ्टनंट, आणि तिकडं गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या उजेडात पिवळी रेषा. आधी वाटलं सोडियमच असेल. मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉकियर नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं इंग्लंडमधून ग्रहण नसतानाच तीच रेषा नीट मोजली, ती सोडियमच्या जागेवर बसेना, तेव्हा तो म्हणाला हे नवीन मूलद्रव्य आहे. सत्तावीस वर्षं लोक हसले, पण त्यानं सोडलं नाही, आणि मग रॅम्झीला ते युरेनियमच्या खनिजात सापडलं. आता सांग, लॉकियरचं आवडतं मूलद्रव्य कुठलं असेल?

बघ यातल्या एकानं तरी उपयोग आहे म्हणून जीव लावला का? दिसायला छान म्हणून? कुणी ते हातानं काढलं, कुणाला त्यानं वर्षानुवर्षं छळलं, कुणाच्या हिशोबात ते बसेना. संगत आधी झाली आणि आवड नंतर आली. आणि तू उलटं करायला बसलीयेस, गुगलवर गुण बघून आवड ठरवायला, म्हणून "का" सुचत नाहीये. बाबांनाही सांग, भाजी तरी न खाता कुठं आवडते.

आकडे पाठ करूच नको असं मी म्हणत नाही हं. आकडे आपल्या गावात आणून ठेव म्हणजे ते बोलायला लागतात. गॅलियमचा वितळबिंदू २९.७६ अंश, हे नुसतं ऐकून काय होतं, पण हेच गॅलियम मे महिन्यात सोलापुरात टेबलावर ठेवलं तर हात न लावता पाणी होऊन पडेल, हे ऐकलं की मागच्या बाकावरचा पोरगा पण मान वर करतो. (मूलद्रव्यांचा तक्ता मांडणाऱ्या मेंडेलीव्हनं गॅलियम सापडायच्या आधीच त्याची घनता ५.९ सांगून ठेवली होती, शोधणाऱ्यानं आधी मोजली ती ४.७ भरली, परत शुद्ध करून मोजली तर खरंच ५.९. हे कुणी गॅलियम घेतलं असेल तर त्याला दे.)

तू कुठलं घ्यायचं? माझं स्पष्ट मत, गंधक घे. सल्फर.

नाक मुरडू नको, ऐक. तुझे बाबा डाईंगमध्ये आहेत म्हणजे गंधक तुझ्या घरात रोज संध्याकाळी कपड्याच्या वासातून येतो. डाईंगमध्ये ज्याला नुसतं 'हायड्रो' म्हणतात ना, ती पांढरी पावडर, ते सोडियम हायड्रोसल्फाइट, पुस्तकात सोडियम डायथायोनाइट, दोन सोडियम, दोन गंधक, चार ऑक्सिजन. बाबांच्या डाईंगमध्ये व्हॅट रंग चालत असतील तर त्यांना विचार, नुसत्या पाण्यात तो रंग विरघळतो का? नाही विरघळत. मग हायड्रो आणि कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) घालतात, आणि तेव्हा तो रंग पाण्यात उतरतो, आणि उतरताना स्वतःचा रंग सोडतो. निळीचं बघ, टाकीत ती पिवळट हिरवी दिसते. सुताची लडी त्यात बुडवून बाहेर काढली तर पहिल्यांदा वाटतं फसलं सगळं, हे कसलं निळं, हे तर उसाच्या रसासारखं दिसतंय, आणि मग हवेत धरल्या धरल्या वरच्या पदरापासून हिरवं, गडद हिरवं, आणि बघता बघता निळं, जिथं दोन धागे एकमेकांना चिकटलेत तिथं हवा उशिरा पोचते म्हणून तेवढी रेघ थोडा वेळ हिरवीच राहते. हवेतल्या ऑक्सिजननं रंगाला परत न विरघळणारा केला, तो पण धाग्याच्या आत अडकल्यावर, म्हणून मग कितीही धुवा, जात नाही.

आणि हे सगळं घडवून आणलं गंधकानं. हायड्रोमध्ये गंधकाची ऑक्सिडेशन अवस्था (किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले त्याचा हिशोब) +३, तिथं त्याला राहायचंच नसतं, त्याला +४, +६ कडं पळायचंय, आणि पळताना तो इलेक्ट्रॉन टाकून जातो, ते रंग उचलतो आणि विरघळतो. तुमचा रेडॉक्सचा धडा आहे ना, तो अख्खा तिथं टाकीत उभा आहे. गंधकाइतकं या खेळात हलणारं मूलद्रव्य कमी बघितलंय मी, हायड्रोजन सल्फाइडमध्ये -२, नुसता पिवळा गंधक ०, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये +६, म्हणजे आठ पायऱ्यांचा जिना.

बाकी सोलापूरभर तो पसरलेलाच आहे. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उतरतात तेव्हा जो उग्र वास येतो आणि चिरताना डोळ्यात पाणी येतं ते गंधकाच्या संयुगानं, शेंगा चटणीतल्या लसणाचा झणका पण त्याचाच. साखर कारखान्यात उसाच्या रसाला चुना लावतात आणि गंधक जाळून त्याचा वायू सोडतात, म्हणून साखर पांढरी. द्राक्षबागेत भुरी आली की गंधक मारतात. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्या बंदुकीच्या दारूत सोरा, कोळसा आणि गंधक. हे सगळं पाच मिनिटात कोंबू नको, नाहीतर परत उपयोगांची यादी होईल, यातलं फार तर एक घे. टाकी मात्र सोडू नको.

हो, आणि एक गोष्ट तुझ्यासाठी मुद्दाम, कारण ती पण एका विद्यार्थिनीचीच आहे. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ अडीच किलोमीटर खोल समुद्रात गरम पाण्याचे झरे सापडले, अंधार गुडुप, आणि तिथं माणसाच्या उंचीचे किडे, ज्यांना तोंड नाही, आतडं नाही. मग जगतात कशावर? १९८० मध्ये हार्वर्डला त्यांच्यावर व्याख्यान चाललं होतं, मेरेडिथ जोन्स बोलत होते, बोलता बोलता म्हणाले की या किड्याच्या आत गंधकाचे स्फटिक सापडलेत. कॉलीन कॅव्हॅनॉ, पीएचडीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, मधेच उठून उभी राहिली आणि म्हणाली मग उघडच आहे, यांच्या पोटात गंधकावर जगणारे जीवाणू असणार! जोन्सना लगेच पटलं नाही. तिनं काम केलं, १९८१ मध्ये पेपर आला, आणि ती बरोबर होती. सूर्याचा उजेड नसलेल्या जागी ते जीवाणू गंधकाच्या संयुगातून ऊर्जा काढून त्या किड्याला पोसतात. भर सभेत तिला ते सुचलं कारण गंधकाचं नाव ऐकल्यावर तिच्या डोक्यात आधीपासून काहीतरी होतं.

आता करायचं काय. बाबांना त्यांच्या सवडीनं विचार की रंग कसा चढतो, अगदी पहिल्यापासून, आणि ते जे शब्द वापरतील ते तसेच वहीत लिहून घे, पुस्तकी करू नको. मालकांची परवानगी असेल तर बाबांसोबतच जाऊन लांबून टाकी बघून ये. पण हायड्रोच्या डब्याला हात लावायचा नाही आणि थोडी पुडीत बांधून घरी तर मुळीच आणायची नाही, त्याला ओल लागली की ते आपोआप तापतं, पेट सुद्धा घेतं, कॉस्टिक तर कातडी खातं. वर्गात गंधक जाळून दाखवायचा मोह होईल, निळी ज्योत सुंदर दिसते खरी, पण तो धूर घशाला आणि दम्याच्या पोरांना फार वाईट, ते सरांवर सोड. तू फक्त दोन लडी ने, एक कोरी, एक रंगवलेली, आणि काडेपेटीएवढ्या पारदर्शक डबीत पिवळा गंधक. पुरे.

बोलताना सुरुवात अणुक्रमांकापासून करू नको. टाकीपासून कर, बाबा काय म्हणाले तिथून, आणि १६ हा आकडा मधे कधीतरी येऊ दे. सरांनी विचारलंच की हेच का, तर सरळ सांग, सर हे माझ्या घरात आहे आणि मला आत्ता आत्ता दिसलं. यापेक्षा मोठं कारण शोधायला जाऊ नको, रॅम्झीकडं पण यापेक्षा मोठं नव्हतं. आणि बोलून झाल्यावर तुला वाटलं की मला गंधक अजून म्हणावा तितका आवडत नाही, तर तसं वाटू दे, पुढच्या वर्षी दुसरं आवडेल, डेव्ही पण पोटॅशियमवर थांबून कुठं राहिला.

भाषा मराठीच घे. ऑक्सिडेशन, इलेक्ट्रॉन, सल्फर हे शब्द तसेच वापर, त्यात काही कमीपणा नाही, सेमीच्या पोरांना तेच कळतात. पण लडी, हायड्रो, कॉस्टिक, टाकी हे बाबांचे शब्द इंग्लिशमध्ये नेलेस तर तुझ्याकडं जे बाकी कुणाकडं नाही तेच जाईल. आणि जमलं तर त्या दिवशी बाबांना कॉलेजवर बोलव, सरांना आधी विचारून. सरांनी काय काय प्रश्न विचारले ते मला नक्की कळव.

तुझी ताई